आधी गेज, मग अ‍ॅलन की

चार गाडीवेडी मुलं कँटीनच्या एका टेबलावर बसली की गप्पा ठरलेल्या असतात. एकानं एअर फिल्टर बदललेला असतो, दुसऱ्यानं फ्री-फ्लो एक्झॉस्ट टाकून अख्ख्या सोसायटीची झोप उडवलेली असते, आणि तिसरा चहाचा घोट घेत हळूच सांगतो, "आपण तर फ्युएल प्रेशर वाढवून घेतलं. काय पिकअप आलाय यार!" बाकीचे माना डोलावतात. किती होतं, किती केलं, कशावर मोजलं, हे कुणीच विचारत नाही. म्हणजे फ्लुइड मेकॅनिक्सच्या ओरलला मॅनोमीटरची व्याख्या घडाघडा म्हणणारे आपण, स्वतःच्या गाडीतल्या पेट्रोलचा दाब मात्र "जरा वाढवला" या एककात मोजतो!

माझा राग आहे तो या "जरा"वर. मॉडिफिकेशनवर माझा काहीच राग नाही, उलट गाडी उघडून बघणारा विद्यार्थी पुस्तकातल्या आकृत्या पाठ करणाऱ्यापेक्षा चार गोष्टी जास्त शिकतो असं माझं ठाम मत आहे. पण अ‍ॅडजस्टेबल फ्युएल प्रेशर रेग्युलेटर ही वस्तू ज्या पद्धतीनं आपल्याकडे बसवली आणि फिरवली जाते, ती पद्धत इंजिनिअरला शोभणारी नाही. शिवाय त्यात इंजिन जाऊ शकतं, आणि गाडी पेटूसुद्धा शकते.

ही सवय आली कुठून? माझ्या मते कार्ब्युरेटरकडून. जुन्या गॅरेजमधला उस्ताद स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवायचा, कान देऊन इंजिनचा आवाज ऐकायचा आणि नेमक्या जागी थांबायचा. त्या कानाला माझा सलामच आहे. पण तिथे फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल वातावरणाच्या दाबाला असायचं आणि स्क्रू फक्त आयडलचं मिश्रण ठरवायचा. चुकलंच तर प्लग काळे पडायचे, बस. २००० सालाच्या आसपास आपल्याकडे एमपीएफआयच्या गाड्या सर्रास आल्या, डिकीवर तसे स्टिकरही आले, आणि तोच स्क्रू शोधणारा हात रेग्युलेटरच्या स्क्रूवर जाऊन पोचला. इथे मात्र दाब साधारण ३ बार असतो, म्हणजे जुन्या यांत्रिक पंपाच्या जवळजवळ दहापट. कार्ब्युरेटरची नळी गळली की थेंब पडतो. इंजेक्शनची नळी गळली की फवारा उडतो, आणि समोर तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतो.

रेग्युलेटर नेमकं करतो काय? घरातला कुकर डोळ्यांसमोर आणा. शिट्टीचं वजन आतला दाब ठरवतं, जास्त झालेली वाफ बाहेर जाते. रेग्युलेटरमध्ये वजनाच्या जागी स्प्रिंग असते, तिच्याखाली रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, आणि त्याला जोडलेली छोटी झडप. पंप सतत पेट्रोल ढकलत राहतो, रेलमधला दाब स्प्रिंगपेक्षा वाढला की झडप उघडते आणि जादा पेट्रोल रिटर्न लाइननं टाकीत परत जातं. हे परत जाणारं पेट्रोल किती असेल? बाजारात मिळणारा तासाला २५५ लिटरचा पंप घ्या. छोटं इंजिन आयडलला तासाला साधारण लिटरभर पितं. म्हणजे अडीचशेच्या वर लिटर पेट्रोल नुसतं टाकीतून रेलमध्ये आणि रेलमधून टाकीत फिरत असतं! म्हणूनच मोठा पंप टाकून रिटर्नची नळी मूळचीच बारीक ठेवली तर स्क्रू पूर्ण सैल करूनही दाब खाली येत नाही. मग मालक म्हणतो "रेग्युलेटर डुप्लिकेट निघाला". रेग्युलेटर बिचारा ठीक असतो, त्याला वाटच मिळत नसते.

आता खरी गंमत. डायफ्रॅमच्या स्प्रिंगच्या बाजूला एक बारीक नळी येते, ती इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली असते. कशासाठी? कारण इंजेक्टरचं एक तोंड रेलमध्ये आणि दुसरं मॅनिफोल्डमध्ये असतं. त्यातून किती पेट्रोल जाणार हे ठरतं दोन टोकांच्या दाबातल्या फरकावर, एकट्या रेलच्या दाबावर नव्हे. आयडलला मॅनिफोल्डमध्ये साधारण ०.६ बार व्हॅक्युम असतो, तेव्हा रेग्युलेटर रेलचा दाब २.४ वर आणतो. फरक ३ चा ३. टर्बो बसवला आणि ०.७ बार बूस्ट आला, की रेल ३.७ वर जाते. फरक पुन्हा ३. रेग्युलेटरची सगळी हुशारी या एका गोष्टीत आहे: फरक हलू न देणं. ईसीयू इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा याचा हिशेब या फरकाच्या भरवशावर करतो.

टर्बोच्या गाडीत ती बारीक नळी निसटली तर? रेल ३ वरच राहते, मॅनिफोल्डमध्ये ०.७ आहेच, फरक उरला २.३. इंजेक्टरचा प्रवाह फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे २.३ भागिले ३, त्याचं वर्गमूळ ०.८८. नेमकं जेव्हा इंजिनला जास्त पेट्रोल हवं तेव्हा त्याला १२ टक्के कमी मिळतं. मिश्रण लीन, नॉकिंग सुरू, आणि पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटेपर्यंत फार वेळ लागत नाही. आणि ती नळी निसटते का? कारण बूस्ट तिला आतून ढकलतो आणि बसवणाऱ्यानं दोन रुपयांची टाय लावलेली नसते.

ते वर्गमूळ जरा पुढे नेऊ. ओरिफिसचं सूत्र आपण सगळ्यांनी जर्नलमध्ये उतरवलं आहे (उतरवलं हाच शब्द बरोबर आहे). फरक ३ चा ३.५ केला तर प्रवाह वाढतो ८ टक्के. ४ केला तर साडेपंधरा. दुप्पट प्रवाह हवा असेल तर १२ बार लागतील! आणि दाब चढवला की पंपाचा प्रवाह कमी होतो, तो करंट जास्त ओढतो, तापतो. इंजेक्टरच्या कॉइललाही जास्त दाबाविरुद्ध उघडायला जास्त वेळ लागतो. म्हणजे दाब वाढवून पेट्रोल वाढवणं हा बऱ्यापैकी महागडा आणि लवकर संपणारा मार्ग आहे. जास्त पेट्रोल हवं तर मोठे इंजेक्टर आणि त्याला साजेसं ईसीयूचं ट्यूनिंग हाच सरळ रस्ता. एके काळी बूस्टच्या एका पीएसआयमागे पेट्रोलचा दाब बारा पीएसआय चढवणारे रेग्युलेटर टर्बो किटमधून यायचे. ईसीयूला हात लावणं कठीण होतं तेव्हाची ती तडजोड होती. आज तिचं कौतुक सांगणारा माणूस भेटला तर चहा पाजा, गाडी देऊ नका.

"पण मला फरक जाणवला ना!" असं आपला कँटीनवाला मित्र म्हणेल. जाणवला असेल. बऱ्याचदा काय होतं, काम करताना बॅटरी काढलेली असते, ईसीयूनं शिकलेलं सगळं पुसलं जातं आणि गाडी दोन-तीन दिवस वेगळी वाटते. पुढे ऑक्सिजन सेन्सर सांगतो की मिश्रण रिच आहे, आणि ईसीयू इंजेक्टरचा वेळ कमी करत नेतो. दाब ३ चा ३.५ केलात? ओबीडीचं साधं ब्लूटूथ डोंगल लावून आठवड्यानं लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, उणे ७-८ टक्क्यांच्या आसपास आकडा दिसेल. म्हणजे साध्या चालवण्यात तुम्ही स्क्रूनं दिलेलं सगळं ईसीयूनं परत घेतलं. उरतं ते फक्त पूर्ण थ्रॉटलवर, जिथे ईसीयू सेन्सरकडे फारसं बघत नाही. तिथे गाडी आधीच पुरेशी रिच असेल तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुऊन काढतं आणि न जळता पुढे गेलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतं. पिकअप नावाची गोष्ट यात कुठे आली?

हल्ली एक नवं निमित्त मिळालं आहे, ई-२०. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणून "प्रेशर वाढवून घे" असा सल्ला फिरतो. हिशेब खरा आहे: शुद्ध पेट्रोलला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. पण हा फरक भरून काढणं हे ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीचं रोजचंच काम आहे. माझ्या मते जुन्या गाडीत ई-२० मुळे बघायला हवं ते स्क्रूऐवजी रबर: वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या नळ्या, ओ-रिंगा आणि त्या रेग्युलेटरचा डायफ्रॅम. रेग्युलेटरची व्हॅक्युमची नळी काढून वास घ्या. आत पेट्रोलचा ओलावा असेल तर डायफ्रॅम फाटला आहे आणि इंजिन मागच्या दारानं पेट्रोल ओढतंय. अशा रेग्युलेटरचा स्क्रू फिरवणं म्हणजे फुटक्या बादलीचा नळ मोठा करणं.

बरं, गाडी खरोखरच बदलली आहे, टर्बो आहे, इंजेक्टर मोठे आहेत, रेग्युलेटर लागणारच आहे, असं धरू. तर मग तो बसवायचा कसा? सर्वात आधी गाडीत रिटर्न लाइन आहे का ते बघा. गेल्या काही वर्षांतल्या पुष्कळ गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच पंपाजवळ असतो, मॅनिफोल्डची नळी त्याला नसते, आणि बदलत्या फरकाचा हिशेब ईसीयू मॅप सेन्सरवरून करतो. अशा गाडीत रेलवर नवीन रेग्युलेटर टाकायचा तर टाकीपर्यंत परतीची नळी टाकावी लागते, टाकीतल्या जुन्या रेग्युलेटरची सोय लावावी लागते आणि ईसीयूचं गणितही बदलावं लागतं. हे न करता "फिट करून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

रिटर्न असेल तर पहिलं काम दाब उतरवणं. इंजिन बंद करून तासभर झाला तरी रेलमध्ये दाब शिल्लक असू शकतो. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढायचा, इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडू द्यायचं, मग बॅटरीची निगेटिव्ह काढायची. तरीही जोड सोडवताना भोवती फडकं धरायचं आणि डोळ्यांवर गॉगल. जागा उघडी हवी, सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर हे काम नको, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खड्ड्यात साचून राहते. जवळ पावडरचा अग्निशामक हवा. "हवा" म्हणजे हाताच्या अंतरावर, ऑफिसात टांगलेला नव्हे.

रेग्युलेटर रेलच्या पुढे, म्हणजे रेलमधून बाहेर पडणाऱ्या बाजूला. पंपाची नळी रेलला, रेलची दुसरी बाजू रेग्युलेटरला, रेग्युलेटरचं खालचं तोंड टाकीला. तो बॉडीला ब्रॅकेटनं घट्ट बसवायचा, एक्झॉस्टपासून लांब, नुसता नळ्यांवर लोंबकळत नाही. नळी इंजेक्शनसाठीचीच घ्या, अंगावर आर९ असा शिक्का असलेली. साधी कार्ब्युरेटरची नळी दिसायला सारखीच, पण ती या दाबासाठी नसते. क्लिपही गोल गुंडाळणारी, इंजेक्शनची. पट्टीला खाचा पाडलेली साधी क्लिप नळीचं रबर चिरते. सगळ्यात जास्त कंजुषी इथेच होते, रेग्युलेटर परदेशी आणि चमकणारा, आणि त्याला जोडलेली नळी कोपऱ्यावरच्या दुकानातली! मॅनिफोल्डची बारीक नळी प्लेनममधून स्वतंत्र घ्या, ब्रेक बूस्टरच्या नळीत टी टाकून नको. आणि त्या नळीला दोन्ही टोकांना टाय. हो, तीच दोन रुपयांची.

जोडून झालं की इंजिन चालू करायची घाई नको. की फक्त ऑन करा, पंप दोन सेकंद चालतो, बंद करा, पुन्हा ऑन. असं तीन-चारदा केल्यावर प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा. ओला झाला तर थांबा.

आता दाब लावणं. गेज रेग्युलेटरच्या तोंडाशी. इंजिन गरम होऊन आयडलला आलं की मॅनिफोल्डची नळी काढा आणि नळीचं तोंड बंद करा, नाहीतर इंजिन तिथून हवा ओढेल. या अवस्थेत गेज जे दाखवेल तो बेस प्रेशर. लॉकनट सैल करून अ‍ॅलन की आत फिरवली की दाब वाढतो, बाहेर घेतली की कमी होतो. पाव फेरा, थांबा, वाचा, पुन्हा पाव फेरा. ज्या बेसवर ईसीयूचं ट्यूनिंग केलं आहे तोच आकडा लावायचा, बऱ्याच गाड्यांत तो ३ बार, म्हणजे साडेत्रेचाळीस पीएसआय. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा सरकतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा वाचा. मग नळी जोडा. आकडा खाली यायलाच हवा. आला नाही तर नळी चुकीच्या जागी आहे किंवा तुंबलेली आहे. आणि एक गोष्ट क्वचितच कुणी सांगतं: ग्लिसरिन भरलेला सीलबंद गेज इंजिनच्या उष्णतेनं तापला की चुकीचं वाचतो. त्यामुळे बॉनेटखाली कायमचा बसवलेला चकचकीत गेज शोभेला ठीक, खरं वाचन गेज थंड असताना घ्यायचं.

पण आयडलचं वाचन म्हणजे अर्धंच काम. पंप कमी पडत असेल तर ते पूर्ण भारावरच दिसतं: बूस्ट चढतो आणि दाब त्याच्याबरोबर चढायच्या ऐवजी घसरतो. हे बघायला इलेक्ट्रिक प्रेशर सेन्सर लावा आणि डायनोवर बघा. गेजची नळी खिडकीतून केबिनमध्ये आणणारे बहाद्दर आहेत. पेट्रोलची दाबातली नळी मांडीवर घेऊन कोण बसतं! सोबत वाइडबँड सेन्सर हवाच, आणि तो लॅम्डामध्ये वाचा. कारण ई-२० आल्यापासून १४.७ हा पाठ केलेला आकडा पंपावरच्या पेट्रोलला लागू होत नाही, लॅम्डा १ मात्र कुठल्याही पेट्रोलला १ च असतो.

डिझेलवाल्या मित्रांसाठी एवढंच: सीआरडीआयच्या रेलमध्ये दाब हजार बारच्या वर असतो, तिथली बारीक गळतीही कातडीतून आत शिरते. तिथे पाना नको. मागे जे ट्यूनिंग बॉक्स खूप खपले, त्यातले कित्येक रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल कमी करून ईसीयूला फसवत आणि दाब वाढवून घेत. म्हणजे पुन्हा तेच, न मोजता वाढवलेला दाब, फक्त डब्यात घातलेला.

कायद्याचाही विषय आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. त्यामुळे टर्बोची गाडी रस्त्यावर आणून मग माझा हा लेख दाखवू नका. कोइम्बतूरला ट्रॅक आहे, चेन्नईजवळ आहे, तिथे जा.

मुळात हे शिकायला गाडीच कशाला हवी? आपल्यातली जी मुलं फॉर्म्युला स्टुडंटची गाडी बनवतात त्यांना विचारा. तिथे गाडी ६० अंशांत कलती करतात आणि एक थेंब गळला तरी गाडी पुढे जात नाही. त्या एका परीक्षेपायी ही मुलं नळ्या, क्लिप आणि जोड यांच्याबद्दल जेवढं जाणतात तेवढं बाकीच्या वर्गाला चार वर्षांत कळत नाही. पण ती टीम असते वीस-पंचवीस जणांची. उरलेल्यांचं काय?

आपल्या आय.सी. इंजिनच्या लॅबमध्ये लाल-पिवळा रंग दिलेलं एमपीएफआयचं कट सेक्शन मॉडेल आहे. व्हायवाला सर त्याच्याकडे बोट दाखवून "हे काय?" विचारतात, आपण "इंजेक्टर" म्हणतो आणि सुटतो. माझी डिपार्टमेंटला विनंती आहे की त्या मॉडेलशेजारी एक साधा बाक मांडावा. एक पंप, एक रेल, चार इंजेक्टर, एक अ‍ॅडजस्टेबल रेग्युलेटर, एक गेज आणि खाली चार मेजरिंग सिलिंडर. पेट्रोल नकोच, इंजेक्टर टेस्टिंगचं सहज न पेटणारं द्रव मिळतं ते वापरायचं. २, २.५, ३, ३.५, ४ बार अशी पाच वाचनं घ्यायची, प्रत्येकी एक मिनिट, आणि प्रवाह विरुद्ध दाबाचं वर्गमूळ असा आलेख काढायचा. रेषा सरळ आली की त्या स्क्रूची खरी ताकद किती, हे प्रत्येकाला स्वतःच्या हातानं काढलेल्या बिंदूंवरून दिसेल. टर्म वर्कमधला एखादा पिढीजात प्रयोग, जो आपण सगळे सीनिअरच्या जर्नलवरून उतरवतो, त्याच्या जागी हा घालता येईल. पंप आणि रेल भंगारातल्या गाडीतून मिळतील, मेजरिंग सिलिंडर केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये पडून आहेत. पुढच्या सेमिस्टरच्या आत हे करायचं तर एचओडी सरांना अर्ज द्यावा लागेल. अर्ज मी लिहून ठेवला आहे, सह्या करायला कँटीनमध्ये भेटा.